नकाराचा रियाज

पुण्यात जन्मून, पुण्यात नोकरी करून आणि पुण्यातच निवृत्त होऊन ज्याने कधी कुणाला ‘नाही’ म्हटलं नाही असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. आमचे वरचे काका. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत नकार हा श्वासाइतका सहज बाहेर पडतो. इथे कुणाला पत्ता विचारला तरी आधी ‘नाही’ येतं आणि मागून पत्ता येतो. अशा ठिकाणी या गृहस्थांनी सगळं आयुष्य ‘हं’ म्हणून काढलं. त्या ‘हं’चा अर्थ समोरच्याने आपल्या सोयीने लावायचा. भाजीवालीने तो लावला, म्हणून कारलं तोंडातही न घालणाऱ्या काकांकडे दर आठवड्याला कारली येत. सोसायटीने लावला, म्हणून ते कायमचे सेक्रेटरी झाले. एकदा न्हाव्याने लावला आणि कॉलेजापासून जपलेली मिशी दुकानात ठेवून काका घरी आले. पुढे मिशी पूर्ववत होईपर्यंत ते मास्क लावून हिंडत होते आणि कुणी विचारलंच तर ‘धूळ फार झालीय’ म्हणत होते. क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांचे फोन ते इतक्या आस्थेने ऐकून घेत, की शेवटी पलीकडचाच माणूस कंटाळून फोन ठेवायचा. जिन्यात आडव्या पसरलेल्या मांजरालासुद्धा ते ‘जरा सरकता का?’ असं विचारत आणि ते सरकेपर्यंत थांबत.

काकू गेल्यापासून काका एकटेच होते. मुलगी आणि जावई हिंजवडीला, कंपनीजवळच्या एका उंच इमारतीत. दिवाळीत आली तेव्हा मुलीने विषय काढला, ‘‘बाबा, इथे एकटे किती दिवस राहणार? आमच्याच मजल्यावर एक छोटा फ्लॅट रिकामा होतोय. हा विका आणि तिकडे या. गुढीपाडव्यापर्यंत काय ते सांगा, तोवर मी फ्लॅटच्या मालकांना थांबवते.’’ काका म्हणाले, ‘‘हं.’’ ही बातमी मुलगी जिना उतरायच्या आत सोसायटीभर झाली. कोथरूड सोडून हिंजवडी! अमेरिकेला जाणारी माणसं आम्ही समजू शकतो, ती निदान वर्षा-दोन वर्षांनी भेटायला तरी येतात. हिंजवडीला गेलेला माणूस त्या ट्रॅफिकमधून परत कधी यायचा? मी तडक वर गेले. ‘‘काका, तुम्ही तिला स्पष्ट का सांगत नाही?’’ त्यांनी गळ्याच्या खळग्यावर बोट ठेवलं. ‘‘मनातलं इथपर्यंत येतं हो,’’ ते म्हणाले, ‘‘पुढे सरकत नाही.’’ मनात काय होतं ते तर उघडच होतं. प्रश्न फक्त सरकण्याचा होता.

आणि त्याच आठवड्यात बागेच्या फाटकावर मला तो फलक दिसला: ‘विशुद्ध चक्र संतुलन योगवर्ग. कंठातील अडथळे दूर करा, मनातले स्पष्ट बोला.’ माझे यजमान तो वाचून फाटकापाशीच हसत उभे राहिले. ‘‘पुण्यात हा वर्ग?’’ ते म्हणाले. ‘‘इथे उलटा काढायला हवा.’’ पण मला कुतूहल वाटलं. मी काकांचं नाव घालून टाकलं. विचारलं तेव्हा ते ‘हं’ म्हणाले होतेच.

पहिल्या दिवशी मीही सोबत गेले. वर्गाच्या बाई सडपातळ, चटपटीत. त्यांनी सांगितलं, की कंठात सोळा पाकळ्यांचं एक कमळ आहे, तेच विशुद्ध चक्र. ते बिघडलं की माणूस एक तर बोलतच नाही, नाहीतर बोलायचा थांबतच नाही. हे दुसरं म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं, कळलं नाही. ध्यान निळ्या रंगावर करायचं आणि बीजमंत्र म्हणायचा. बीजमंत्र कोणता? तर ‘हं’! ज्याने जन्मभर दुसरं काही उच्चारलं नाही, त्याला जपाला हेच. काका असे काही खुलले, जणू परीक्षेत पाठ केलेलाच प्रश्न आला.

मग मात्र त्यांनी जी उचल खाल्ली ती बघण्यासारखी होती. रक्तदाब असल्यामुळे बाईंनी सर्वांगासन करू दिलं नाही, पण पाठीखाली उशी घेऊन मत्स्यासन सुरू झालं. निळे सदरे आले, निळा मफलर आला. हनुवटी छातीला टेकवायच्या जालंधर बंधाची त्यांना इतकी गोडी लागली, की जिन्यात समोरासमोर आले तरी त्यांना फक्त माझ्या चपला दिसायच्या आणि त्या चपलांनाच ते नमस्कार करायचे. भ्रामरीपायी तर मी फ्रीज दुरुस्त करायला माणूस बोलावला. रोज सकाळी स्वयंपाकघरात एक चमत्कारिक घुमणं ऐकू यायचं. त्या माणसाने फ्रीजला कान लावला, मग भिंतीला लावला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, फ्रीज ओके आहे. तुमचं छत वाजतंय.’’ एकदा मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून कर्वे रस्त्याने आणत होते. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या आजी माझ्या खांद्यामागे टक लावून पाहायला लागल्या. मी आरशात बघितलं, तर काकांनी डोळे विस्फारून, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढून सिग्नलच्या मोकळ्या वेळात सिंहासन साधलं होतं. ‘‘काय होतंय ह्यांना?’’ आजींनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘योग.’’ ‘‘मग घरी करा की,’’ आजी म्हणाल्या. ‘‘आम्हाला कशाला?’’

चक्र खरंच असतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. पण मला राहवेना. मी विचारायचे, काका, गळ्यात काही फिरतं का? गरम वाटतं? निळं दिसतं? ते प्रामाणिकपणे डोळे मिटून आत पाहून येत. ‘‘फिरत वगैरे काही नाही,’’ एकदा म्हणाले. ‘‘पण श्वास सावकाश सोडायला लागल्यापासून एक कळलंय. मी शब्द बोलायच्या आधीच गिळतो. अगदी आवंढ्याचा आवाज येतो बघा.’’ त्या दिवसापासून मी त्यांचा आवंढा ऐकायला लागले, आणि खरोखर, प्रत्येक ‘हं’च्या आधी तो असायचा. इतकी वर्षं शेजारी राहून मला तो कधी ऐकू आला नव्हता.

रविवारी आमची तालीम चाले. मी मुलगी व्हायचे. ‘‘बाबा, येताय ना हिंजवडीला?’’ काका दीर्घ श्वास घेत, हनुवटी खाली, हनुवटी वर, आणि मग, ‘‘बघू.’’ मी म्हणायचे, ‘‘बघू नाही काका, नाही! पोटातून येऊ द्या.’’ पहिलं फळ संक्रांतीच्या सुमाराला आलं. त्यांनी भाजीवालीला ‘कारली नकोत’ असं सांगितलं आणि धापा टाकत ते आम्हाला सांगायला आले. मी आनंदाने शिरा केला. सोसायटीच्या पुढच्या सभेत त्यांनी सेक्रेटरीपदही सोडलं. मग एक दिवस माझ्याकडे जेवताना त्यांनी हनुवटी खाली-वर केली आणि म्हणाले, ‘‘तुमच्या आमटीत गूळ जास्त असतो.’’ यजमान ताट सोडून टाळ्या वाजवायला लागले. मला राग आला, पण विद्यार्थ्याची प्रगती बघून भरूनही आलं. आता पाडव्याची काळजी नव्हती.

पाडव्याला मुलगी आली. मी श्रीखंडाची वाटी द्यायच्या निमित्ताने वर गेले आणि तिथेच बसले. ‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘आता फ्लॅटच्या मालकांना काहीतरी सांगायला हवं. काय करायचं?’’ काकांनी डोळे मिटले. सावकाश श्वास घेतला, सावकाश सोडला. मी लांबूनच मान हलवून धीर दिला. आवंढ्याचा आवाज आला नाही.

‘‘मला यायचंय,’’ काका म्हणाले.

मुलीला आधी खरंच वाटेना. ‘‘संध्याकाळी इथे फार एकटं वाटतं गं,’’ ते त्याच स्वच्छ आवाजात बोलत राहिले. ‘‘दिवाळीतच सांगायचं होतं.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘रागावू नका. तुम्ही इतक्या मनापासून माझा नकार घोटवून घेत होतात, की तुम्हालाच नाही म्हणता येईना. तुमच्यासाठीच जास्त मेहनत करावी लागली मला.’’ मुलगी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागली आणि काका तिच्या केसांवरून हात फिरवत बसले. मी श्रीखंडाची वाटी टेबलावर ठेवून खाली आले. दोन दिवस मी रागावून होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की तो राग नव्हता, मला नुसतं वाईट वाटत होतं.

ते गेले त्या दिवशी आम्ही सगळे खाली उतरलो होतो. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता, गाडीत मुलगी वाट बघत होती. काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि माझ्या गळ्याकडे निरखून बघत म्हणाले, ‘‘काही म्हणायचंय का?’’ मला म्हणायचं होतं, काका, जाऊ नका. तुम्ही वर आहात म्हणून मला हे घर भरलेलं वाटतं. सकाळी छत वाजलं नाही तर मी काय ऐकू? ‘‘चांदणी चौकात गर्दी व्हायच्या आत निघा,’’ मी म्हणाले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. ‘‘पोचलो. चौक अगदी मोकळा होता,’’ काका म्हणाले. आणि मग इतक्या वर्षांत मी कधी ऐकला नव्हता असा त्यांचा मोकळा आवाज आला, ‘‘मलाही तुमची फार आठवण येणार आहे.’’