शेजारच्या खाटेवरची मांडी

मत्सर हा षड्रिपूंपैकी सहावा, हे मी सातव्या वर्षी पाठ केले होते. त्याची खरी ओळख मात्र उतारवयात, बेळगावच्या एका इस्पितळातील हाडांच्या वॉर्डात झाली.

स्नान करून, ओल्या सोवळ्याने, देवांच्या पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून मी अंगणातून देवघराकडे येत होतो. शहाबादी फरशीवर पाय सरकला. तांब्या सोडून हात टेकण्याइतका अवसर होता. पण देवांचे पाणी भुईवर सांडू द्यायचे नाही, हा आयुष्याचा नेम. तांब्या हातातच राहिला. खुबा मोडला.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन आले. "खाट बघा आणि माणूस कसा पडला ते ओळखा," ते त्यांना सांगत होते. "मोटारसायकलवाल्याची नडगी, चिंचेवरून पडलेल्याची टाच. घसरणारे म्हातारे दोन प्रकारचे. हात टेकतात त्यांचं मनगट जातं, टेकत नाहीत त्यांचा खुबा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आजोबा, हात का नाही टेकलात?"

"हातात देवांचे पाणी होते."

विद्यार्थी हसले. डॉक्टर हसले नाहीत. "आता जमिनीवर बसायचं नाही, मांडी तर मुळीच नाही. कायमचंच."

शेजारच्या खाटेवर वडगावचा एक विणकर होता, माझ्याच वयाचा. तोही घसरलेला, मोरीत. पण त्याने हात टेकला होता. मनगटात धातूची पट्टी बसवलेली, बाकी देह अखंड. तो दोन्ही वेळा खाटेवर ऐसपैस मांडी घालून डाव्या हाताने भाकरी खाई. त्याचे गुडघे गादीला सहज टेकत. ज्या आसनावर मी जन्मभर संध्या केली, ते देवाने माझ्याकडून काढून घेतले आणि भाकरी व गप्पा यांवर खर्च करणाऱ्याकडे ठेवले, हे मला सोसवेना. स्तोत्र म्हणताना ओळी चुकू लागल्या. त्याच्या पायांना मुंग्या याव्यात, अशीही इच्छा मी एकदा केली.

"गुरुजी, सारखं माझ्या पायाकडंच बघताय की. चप्पल हरवलीया व्हय तुमची?"

"मांडी चांगली घालता."

"जेवाय बसतोय न्हवं? त्यात काय चांगलं नि वाईट!"

अनगोळला घरी परतल्यावर पूजा सून करू लागली आणि मी देवघराच्या दाराशी खुर्चीत बसून राहिलो. देव्हारा टेबलावर ठेवू, असे मुलगा म्हणाला. मी नकार दिला. वडिलांनी भुईवर बसवलेले देव माझ्या हाडासाठी मी हलवणार नव्हतो; त्यापेक्षा पूजा सुटलेली बरी.

एके सकाळी तो विणकर फुले घेऊन आला. फुले सुनेकडे दिली, भिंतीशी उभा केलेला माझा पाट ओढला आणि त्यावर मांडी घातली.

"त्या पाटावर नको!"

माझा स्वर ऐकून सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. तो निमूट उठला आणि नुसत्या फरशीवर बसला. पुन्हा मांडी घालूनच.

"पूजा झाली व्हय?" त्याने विचारले.

मी सगळे सांगितले. तो मनगट चोळत ऐकत होता. "आमचा माग खड्ड्यात हुता, गुरुजी. बाच्या वेळचा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी उठायचं, म्हणून पोरानं खड्डा बुजवला नि माग वर घेतला. मी दोन दिस जेवलो न्हाय. तिसऱ्या दिशी गुमान बसलो. साडीला काय कळतंय वो, इणणारा खाली हाय का वर?"

"साडीला नाही कळत. देवाला कळते."

"मग बरंच की! हात टेकला न्हाईसा, त्येबी त्याला कळलंच असंल."

दुसऱ्या दिवशी मुलाला हाक मारून देव्हारा टेबलावर घ्यायला लावला. अभिषेकाचे पहिले पाणी घालताना नव्या उंचीचा अंदाज चुकला आणि थोडे भुईवर सांडले. मी थांबलो, क्षमा मागितली आणि पुढची ऋचा म्हटली.

तो अजून अधूनमधून पूजेच्या वेळी येतो. आता तो पाट मीच काठीने त्याच्यापुढे सरकवतो. तो मांडी घालतो. माझी नजर आधी देवांकडे जाते, मग त्याच्या गुडघ्यांकडे. आणि तीर्थ देताना त्याच्या तळहातावर पळी जरा आखडतीच कलते.