सकाळचे पहिले तीन सेकंद

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोला यातलं थोडं माहीत आहे, पण तिला जे माहीत आहे त्यातून काही कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच तुमच्यापुढे जीभ रेटते आहे.

दहिवलीला माझं गॅरेज आहे. सव्वीस वर्षं झाली. पाटी आहे, पण पाटी वाचून कोणी येत नाही; लोक माझ्या कानासाठी येतात. डिझेल गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेली की मालकाच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागतो — टायमिंग चेन बदलायची की नाही? ही चेन इंजिनाच्या पोटात असते. खालचे पिस्टन आणि वरचे व्हॉल्व्ह एका तालात ठेवते. ती तुटली की इंजिन जागच्या जागी मरतं. पुस्तकात तिच्या बदलीचा आकडा नसतो. इंजिन आहे तोवर ती टिकेल, एवढंच. आणि नुसती बघायची म्हटली तरी पुढचं सगळं उतरवावं लागतं. मग ठरवायचं कसं?

आमच्याकडे कानाने ठरवतात. संध्याकाळी गाडी माझ्या दारात सोडून जायची. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, मालकाने स्वतः किल्ली फिरवायची. तेल वर चढायला दोन-तीन सेकंद लागतात. चेन सैल झाली असेल तर तेवढ्यात ती बोलते — बारीक खडखड, डब्यात बारीक खिळे हलवल्यासारखी. मग तेल चढतं आणि ती गप्प होते. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायचो. त्या तीन सेकंदांत कोणी खोकायचंही नाही. मग मी मान हलवायचो. तोच निकाल.

कान होता, हो. ते खोटं नाही.

आधी रातकिडे गेले. मला वाटलं, रिसॉर्ट झाले, दिवे वाढले, किडे कमी झाले असतील. मग कुकरची शिट्टी गेली. मग खोपोलीच्या डॉक्टरांनी कागदावरची खाली उतरत गेलेली रेघ दाखवली. म्हणाले, जाड आवाज शाबूत आहेत, माणसांचं बोलणं कळेल. बारीक आवाज गेले ते गेले. मी त्या कागदाची घडी करून खिशात घातली आणि गॅरेजवर आलो. एक टेंपो वाट बघत उभा होता. मी काय केलं असेल? — त्याला कान लावला.

आणि माझा निकाल बरोबर निघाला! तेच वाईट झालं. पुढेही बहुतेक वेळा तो बरोबरच निघत गेला. मालकाचा चेहरा बघायचा, इंजिनावर तळहात ठेवायचा, तेल दोन बोटांत चोळायचं आणि मग मान हलवायची. कानाला लावलेली मूठ फक्त लोकांसाठी. किती गाड्या अशा पाठवल्या? मोजल्या नाहीत. त्या अजून इथल्या रस्त्यांवर धावताहेत.

त्यातलीच एक बाळारामची होती.

बाळाराम कडावचा. थोडी भातशेती आणि एक सात सीटची डिझेल गाडी — लग्नाची भाडी, दवाखान्याची भाडी. त्या सकाळी किल्ली फिरवायच्या आधीच म्हणाला, “दादा, खडखड येते. चेनच हाय, बघा.” त्याने किल्ली फिरवली. मला ऐकू आली ती इंजिनाची धडधड. बाकी काही नाही. पण त्याचा चेहरा मी पाहिला. घास चावताना दाताखाली खडा यावा तसा झाला. तो ऐकत होता.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — उघडून बघू. पण चहाच्या टपरीवरचे चौघे येऊन उभे होते, आणि गाडीचं निदान बाळारामने माझ्याआधी केलं होतं. त्याच्या मागून मी ‘हो’ म्हणायचं?

“बाळाराम, कान तुझा का माझा रे?”

सगळे हसले. एक जण म्हणाला, “तू गॅरेज घाल रं, दादा जातील भाताच्या लावणीला.” बाळारामही हसला. “दादा म्हनतात मंजे ठीकच हाय.”

चेन चांगली आहे, असं मी चौघांदेखत सांगितलं.

पंधरा दिवसही गेले नाहीत. बाळारामच्या मेव्हण्याचा साखरपुडा होता, लोणावळ्याला. खोपोलीच्या वरच्या चढावर चेन तुटली. इंजिन मेलं, आणि इंजिनाच्या जोरावर चालणारा ब्रेक पायाखाली दगडासारखा झाला. गाडी भरलेली. हँडब्रेकने धरलं नाही. ती मागे, मागे घसरत कठड्यावर आदळली. बाकीच्यांना खरचटलं. मागच्या सीटवर त्याची बायको होती, संगीता. तिच्या कमरेखाली आता काही हलत नाही.

पण माझा गुन्हा इथे संपला नाही. गाडी ओढून माझ्याकडेच आणली. इंजिन मी उघडलं. चेनचे तुकडे ट्रेमध्ये पडले होते. बाळाराम शेजारी उभा होता, तेच चौघेही होते. त्याने आवाज चढवला नाही. “दादा, तुमी तर ऐकलं व्हतं ना?”

मी म्हणालो, “तेव्हा चेन चांगली होती. तेल कधी बदललं होतंस?”

लग्नसराईत त्याचं तेल आठ-दहा दिवस लांबलं होतं. मला ते ठाऊक होतं, म्हणून तर विचारलं. आठ-दहा दिवसांनी चेन तुटत नसते, हेही ठाऊक होतं. त्याने मान खाली घातली ती अजून वर आलेली नाही. त्याच्या घरी गेलो की संगीता दारातल्या खाटेवरून माझ्यादेखत त्याला ऐकवते, “गाडीला तेल नाय घातलंन या मानसानं. दादांनी चेन चांगली सांगून काय उपेग?” आणि तो आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवतो.

आता तो कळंबला एका फार्महाऊसवर राखणीला आहे. गेल्या आठवड्यात मालकाची डिझेल गाडी घेऊन आला. मालक मोठ्या गॅरेजमध्ये पाठवत होते. यानेच सांगितलं म्हणे, आमच्या दादांचा कान हाय. सकाळी किल्ली त्याने फिरवली. मी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि नजर त्याच्या तोंडावर ठेवली. या वेळी तो माझ्याकडे बघत नव्हता. जमिनीकडे बघत होता. स्वतःच्या कानावरचा विश्वास त्याने केव्हाच सोडला आहे.

“बदलूया,” मी म्हणालो. काहीही न ऐकता.

त्याने मान डोलावली. बॉनेट खाली घेतलं आणि त्यावर हात ठेवून म्हणाला, “दादा, तवा मी तेल येळेवर बदललं असतं तर —”

मी स्क्रूड्रायव्हर पुसून जागेवर ठेवला.

बाळारामचा आवाज जाड आहे. तो मला अजून नीट ऐकू येतो.