पुडीशेठचा डावा डोळा

चष्म्याच्या दुकानात सगळे त्याला पुडीशेठ म्हणत. शेठ वगैरे काही नव्हता, काउंटरवरचा नोकर होता. पण पुड्या सोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. या फ्रेमवरून म्हणे एकदा रोड रोलर गेला होता, आणि पंक्चर झाला रोलर. एवढं बोलून तो डावा डोळा मारायचा. आत्ताचं ते खोटं होतं बरं का, याची ती पावती. गिऱ्हाईक हसायचं आणि हसता हसता फ्रेम घ्यायचं.

मग डोळा आपला आपणच मिटायला लागला. काचेला ओरखडा पडणार नाही म्हणाला, की डोळा. तुमचा नंबर वाढलाय, की डोळा. खरं बोललं तरी पुडी. शेवटी शाळेच्या मोठ्या बाई आल्या. त्यांच्या कानामागे काडी बसवून त्याने विचारलं, नीट दिसतंय ना? आणि डोळा दोनदा मिटला. बाईंना नीटच दिसलं. मालकाने त्याला काउंटरवरून उचलून आतल्या खोलीत काचा घासायला बसवलं. समोर ऐकायला माणूस नाही म्हटल्यावर गडी निम्मा झाला.

बायकोने त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की नस स्नायूला चिकटलेली नसते, मध्ये बारीक फट असते. नसेच्या टोकाशी रसायनाच्या इवल्याशा पिशव्या भरून तयार असतात. वरून हुकूम आला की त्या उघडतात, रसायन फट ओलांडतं आणि स्नायू आवळतो. पिशवी सुटली तर अख्खी सुटते, अर्धीमुर्धी नाही. काकांच्या नसेला आत एक रक्तवाहिनी टोचतेय, म्हणून नस उगाचच हुकूम सोडतेय. इंजेक्शन दिलं, की टोकाशी पिशव्या सुटणंच बंद.

"म्हणजे यांच्या नसासुद्धा पुड्याच सोडतात," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. शब्द काही चुकीचा नाही म्हणाल्या. स्वस्थ बसलेली नससुद्धा मधूनच एखादी पुडी सोडते, पण एकट्या पुडीने स्नायू हलत नाही. इंजेक्शन टोचून झाल्यावर त्यांनी हेही सांगितलं, की तीन-चार महिन्यांत असर उतरतो, मग पुन्हा टोचून घ्यायचं.

"अहो, तेवढं शेवटचं मालकांना सांगू नका हं," बायकोने जिन्यातच बजावलं.

काही दिवसांत डोळा गप्प झाला. त्याने मालकासमोर उभं राहून फट, पिशव्या, रक्तवाहिनी सगळं सांगितलं. आजवरची सगळ्यात भारी पुडी, असं म्हणून मालक सवयीने डाव्या डोळ्याकडे बघत राहिला. पावती काही येईना. मालक जरा चुळबुळला, मग म्हणाला, बस काउंटरवर.

इथे गप्प बसला असता तर भागलं असतं.

"मालक, हे कायमचं नाही. तीन-चार महिन्यांनी डोळा परत सुरू होईल."

"खरं?"

"खरं."

हा शब्द त्या दोघांमध्ये न हसता पहिल्यांदाच गेला. मालकाने पुन्हा एकदा डोळा निरखला आणि सांगितलं, की सुरू झाला की आधी मला सांगायचं, तेवढे दिवस आत बसायचं.

दुपारी शाळेच्या त्याच मोठ्या बाई चष्म्याचा सैल झालेला स्क्रू आवळून घ्यायला आल्या. त्याने आधी डोळ्याची हकिकत सांगून माफी मागितली. त्यांनी हातभर अंतर राखूनच ऐकलं, आणि फ्रेम टिकेल ना, एवढंच विचारलं. रोड रोलर अगदी जिभेच्या टोकाशी आला.

"टिकेल, बाई," तो म्हणाला.

बाई पायऱ्या उतरून गेल्या, तेव्हा त्याने ती पुडी समोरच्या रिकाम्या खुर्चीला सोडली. खुर्ची काही हलली नाही.