पोडावरचे कोरे दंड

आठव्या दिवशी मी पोडावर दंड तपासत होतो आणि एकावरही फोड नव्हता.

मी देवीची लस टोचणारा, सरकारी भाषेत व्हॅक्सिनेटर. साठ-एकसष्टची गोष्ट. मुकुटबनकडची गावं माझ्याकडे होती. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. तेव्हाची लस पातळ असे, तिला बर्फात ठेवावं लागे. ती लागली की आठवड्यात दंडावर फोड येतो. फोड नाही, म्हणजे लस मेलेली. सायकलवरून आणताना डब्यातला बर्फ वितळला होता. मला ते दिसलं होतं, तरी मी टोचत सुटलो होतो.

आणि शेजारच्या गावात देवीचे रोगी निघाले होते.

मी आमच्या खात्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांना सगळं सांगितलं.

"रजिस्टर भरलं?"

"नाही साहेब."

"मग सक्सेसफुल लिहून मोकळे व्हा. ते लोक पुन्हा हात देणार नाहीत."

"मी पुन्हा जातो. फ्रेश लस द्या."

"चूक वर कळली तर मेमो निघेल."

"निघू द्या," मी म्हणालो.

साहेबांकडून नवी लस घेतली, वणीहून बर्फ आणला, लाकडाच्या भुशात दाबला, डब्याला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि उजाडायच्या आत निघालो.

पोडावर परक्या माणसाने आधी चावडीत बसायचं, नाईकाने, म्हणजे पोडाच्या प्रमुखाने, विचारपूस केली की मगच पुढे जायचं, अशी रीत. मागच्या वेळी मी पोलीस पाटलाला घेऊन थेट घरांत शिरलो होतो. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून मला कोणी 'अबे' म्हटलेलं खपत नसे, आणि मीच इथे माणसांचे दंड धरून ओढले होते. फार लाज वाटली.

या वेळी चावडीत बसलो. ऊन चढत होतं, डब्यातून पाणी ठिबकत होतं. उठावंसं वाटे. उठलो नाही.

बऱ्याच वेळाने नाईक आला. "आता काहून आला?"

"मांगची लस मेली होती, नाईक. बर्फ इतळलेला मले दिसला, तरी टोचली. चूक माही हाय."

नाईक म्हणाला, "मांगच्या खेपी तू माह्या सुनेचा हात धरला. इचारलं नाही."

"नाही इचारलं. माफी मागतो."

"मंग आता इचार. जे नाही म्हनन, त्याले सोडजो."

पहिलं घर त्याच्या सुनेचंच. कडेवर मूल. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणालो, "बाई, टोचू का?"

"पयले डबा दाखव."

मी झाकण काढलं. लिंबाएवढा बर्फ उरला होता. तिने बोट लावून पाहिलं, लगेच मागे घेतलं. मग नवऱ्याला, सासऱ्याला, जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "थंडा हाय." आणि स्वतःचा दंड पुढे केला. त्यानंतर मुलाचा.

त्या दिवशी दोन म्हाताऱ्या सोडून कोणी नाही म्हटलं नाही. आठव्या दिवशी बहुतेक दंडांवर फोड होते. शेजारच्या गावात त्या साथीने माणसं नेली. पोडावर कोणी दगावलं नाही.

पहिल्या फेरीपुढे मी 'निष्फळ' असं लिहिलं. मेमो निघाला. पुढे बरीच वर्षं नोकरी केली, पण विचारल्याशिवाय कोणाच्या दंडाला हात लावला नाही. काम जरा उशिरा उरकतं, एवढंच. पण दुसऱ्यांदा करावं लागत नाही.