वरच्या मजल्याच्या सळ्या

आमचे सासरे रोज संध्याकाळी पिशवीतून घर आणायचे. सगळं एकदम नाही, थोडं थोडं. कधी दोन विटा, कधी नळाचा एल्बो, कधी कुणाच्या बाथरूमची उरलेली फरशी. वागळे इस्टेटमध्ये ते वेल्डर होते, आणि तिथून कल्याणपर्यंत जिथे जिथे बांधकाम चालू असेल तिथल्या वॉचमनशी त्यांची ओळख होती. "हे आणि कशाला आणलंत?" सासूबाई विचारायच्या. "लागतं," एवढंच उत्तर यायचं. एखाद्या दिवशी पिशवी हलकी दिसली, की सासूबाईच काळजीने विचारायच्या, "काय हो, बरं वाटत नाही का?"

सगळी आळी त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून मीही आप्पाच म्हणू लागले. स्वतःच्या लग्नानंतर ते कल्याण पूर्वेला टेकडीच्या उतारावर पत्र्याच्या एका खोलीत राहायला आले. आधी तिच्या विटांच्या भिंती झाल्या, मग मागे स्वयंपाकघर, मग वर स्लॅब. गवंडी फक्त स्लॅबपुरता. बाकी सगळं रविवारी, स्वतःच्या हाताने. रस्त्यात कुणी "काय आप्पा, बरं आहे ना?" विचारलं, की ते म्हणायचे, "काम चालू आहे." विहारात बुद्धजयंतीला सगळे पांढऱ्या कपड्यांत वंदनेला बसायचे, तेव्हा आप्पा शेवटच्या रांगेत असायचे आणि त्यांची नजर मंडपाच्या बांबूंवर असायची.

लग्न ठरवायला आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा चहा झाल्यावर ते मला आणि माझ्या वडिलांना गच्चीवर घेऊन गेले. चारही कोपऱ्यांत खांबांच्या सळ्या कमरेएवढ्या वर आलेल्या, आणि प्रत्येक सळीवर काचेची बाटली पालथी घातलेली. माझे वडील बाटल्यांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

"भंगारवाल्याकडच्या आहेत," आप्पा घाईने म्हणाले. "सळी गंजू नये म्हणून. मी घेत नाही." मग मोकळ्या हवेत हात फिरवून मला म्हणाले, "ही तुमची खोली."

"आणि बाथरूम?" मी विचारलं.

"तू त्याच्या दारातच उभी आहेस, बाळा."

माझा होणारा नवरा मिलिंद लाजून खाली बघत होता. मला मात्र हा माणूस पटला. हवेतल्या खोलीचंसुद्धा दार त्याने ठरवून ठेवलं होतं.

खोली झाली, बाथरूम त्याच जागी झालं. नव्या स्लॅबवर सिमेंटचे बांध घालून पाणी साठवायचं असतं, नाहीतर तो तडकतो. आळीत पाणी यायचं पहाटे, तेही तासभर. आम्हाला अंघोळीला अर्धी बादली आणि स्लॅबला मात्र हंड्यावर हंडे. मी तक्रार केली तर म्हणाले, "तुला उद्या पण अंघोळ करता येईल. त्याला नाही."

हाही स्लॅब भरताना त्यांनी खांबांच्या सळ्या वर सोडायला सांगितल्या. धाकट्या राहुलसाठी. दोन्ही मुलं, दोन्ही सुना, नातवंडं एका छपराखाली, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. गवंडी म्हणाला, "आप्पा, आता पुरे करा की." आप्पा म्हणाले, "सळी कापली की घर संपलं."

राहुलने लग्न ठरल्यावर टिटवाळ्याला फ्लॅट घेतला. सगळे जेवायला बसलेले असताना त्याने सांगितलं, "मी बघून आलेलो, आप्पा. लिफ्ट आहे. पाणी चोवीस तास."

"चोवीस तास? मग झोपता कधी?" आप्पा म्हणाले. आम्ही हसलो. आप्पांनी ताटातली भाकरी मात्र तशीच ठेवली. पुढच्या रविवारी ड्रिल मशीन घेऊन ते टिटवाळ्याला गेले आणि राहुलच्या भिंतीला फळ्या ठोकून आले.  गच्चीवरच्या सळ्या मात्र दर उन्हाळ्यात आप्पा घासायचे, सिमेंटचं पाणी लावायचे, फुटलेल्या बाटल्या बदलायचे. पुढे जिना चढताना दोनदा टेकावं लागायचं, तरी चढायचे.

मी सरळ बोलणारी बाई आहे. आमच्या छताला कोपऱ्यात ओल धरली तेव्हा मी सांगितलं, "आप्पा, सळ्यांमधून पाणी उतरतंय. कापून टाकू या. राहुल काही येत नाही." ते म्हणाले, "आत्ता नाही." मिलिंदने मला डोळ्यांनी गप्प केलं. राहुलची मुलगी रांगायला लागली तेव्हा आम्ही सगळे तिला बघायला गेलो. आप्पांनी तिला कडेवर घेतलं, गॅलरीत गेले आणि मोकळ्या हाताची वीत कठड्यावर ठेवून बघितली.

"राहुल, कठडा वीतभर कमी आहे."

"बिल्डरने सगळ्यांना तेवढाच दिलाय, आप्पा."

"सगळ्यांचं मला काय करायचंय? रांगते तुझी पोरगी."

त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्या छताचं प्लास्टर खाली आलं. माझ्या मुलीच्या पलंगावर, बरोबर उशीवर. ती कॉलेजला गेली होती म्हणून निभावलं. आप्पांनी एक ढलपा उचलला, उलटा केला. मागे गंजाचा लाल पट्टा होता. वेल्डरला गंज समजावून सांगावा लागत नाही.  मी उशीचा अभ्रा झाडत होते. "मी म्हटलं होतं" हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं, ते मी गिळलं.

रविवारी पाऊस उघडल्यावर ते लोखंड कापायची करवत घेऊन वर गेले. मिलिंद म्हणाला, "माणूस बोलावू या." त्यांनी ऐकलं नाही. मी मागोमाग गेले आणि सळी धरली.

"घट्ट धर. हलवू नको."

पहिली सळी कापून खाली पडली तेव्हा ते थांबले. मला वाटलं, आता खाली जाऊ या म्हणतील. त्यांनी तुकडा उचलून कापलेली बाजू बघितली. "आत चांगली आहे," म्हणाले. दम खात खात सगळ्या कापल्या, प्रत्येक टोकावर सिमेंटचा मसाला भरला आणि तुकडे गोणपाटात बांधले. मला वाटलं, भंगारात.

दुसऱ्या रविवारी ते गाठोडं रिक्षात घालून आम्ही टिटवाळ्याला गेलो. तिथल्या वेल्डिंगच्या दुकानात आप्पा मालकाच्या मागे उभे राहून "इथे हवा राहिली, परत मार" असं इतक्यांदा म्हणाले, की शेवटी त्याने मशीनच त्यांच्या हातात दिलं. त्या सळ्या गॅलरीत बसवताना सोसायटीचा सेक्रेटरी वर आला. "काका, बाहेरून सगळ्या गॅलऱ्या सारख्या दिसायला पाहिजेत."

"बाहेरून तुम्ही बघा," आप्पा म्हणाले. "आतून माझी नात बघणार आहे."

कठडा वीतभर वाढला.

पुढे काही वर्षांनी, मागच्या थंडीत आप्पा गेले. थोडेच दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी कसं वाटतंय विचारलं, तेव्हा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यांनी नेहमीचंच उत्तर दिलं, "काम चालू आहे."

परवा राहुलकडे गेलो होतो. त्याची पोरगी दोन्ही हातांनी सळ्या धरून, त्यांच्यामधून नाक बाहेर काढून खालची कुत्री मोजत होती. निघताना गेटपाशी कुणीतरी जुनं दार फोडून टाकलेलं दिसलं. एक बिजागरी शाबूत होती. मी वाकून ती ओढून काढली.

"अगं, हे आणि कशाला?" मिलिंद म्हणाला.

"लागतं," मी म्हटलं, आणि पिशवीत टाकली.