केकचं दुकान ठेवायचं की द्यायचं?

तुमच्या घरात कुणाचा वाढदिवस एक जूनला येतो का हो? येतच असणार! थांबा, तिकडं येतेच मी.

शिरूर कासारला बसस्टँडच्या पलीकडं मी आणि माझी धाकटी जाऊ मंगल, आम्ही दोघी केकचं दुकान चालवतो. नाव आणि माल पुण्याच्या कंपनीचा, दुकान आणि कष्ट आमचे. त्याला फ्रँचायजी म्हणतात. केक संपला तरी भांड्याच्या कडेला थोडं क्रीम राहतंच, तसे शटर ओढताना रोज एखाद-दुसरा किस्सा मागं राहतो. साठत साठत लई साठलेत.

यंदा मात्र हे सगळं गुंडाळायची वेळ आली होती. दिवाळीनंतर कंपनीचा करार संपत होता. पुन्हा करार करायचा, की आष्टीच्या एका पाहुण्यांना दुकान देऊन मोकळं व्हायचं?

अडचण एकच. दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी घरं ऊस तोडायला कारखान्यावर जातात. आणि कंपनीचा नियम असा, की बारा महिने दर आठवड्याला ठरलेला माल घ्यायचाच. हिवाळाभर केक आमच्याकडं बघत बसतात आणि आम्ही रस्त्याकडं!

आमचे हे म्हणाले, "दुकान तुमचं हाय. तुमीच ठरवा."

दहावी झाल्यावर थेट चुलीपुढं बसलेल्या बाईला कुणी "तुमीच ठरवा" म्हटलं ना, की बाई त्या शब्दानंच घाबरते.

*

पहिल्या दिवसाचं सांगते. कंपनीचा हुकूम होता, डोक्याला टोपी, हातात मोजे, तोंडाला मास्क. मंगलनं सगळं घातलं आणि टोपीवरून पदरही घेतला. बाहेर वाळकेअण्णा नावाचे एक म्हातारे बराच वेळ उभे. शेवटी आत आले, बाकड्यावर बसले आणि धोतर गुडघ्याच्या वर घेतलं.

"बाई, दवाखाना नवा काढला ते लई बरं केलं. हा डावा गुडघा बघ जरा."

मंगल म्हणाली, "बघते की अण्णा. पण वर चेरी लावून देईन!"

तेव्हापासून अण्णा आले की, "डॉक्टरीणबाई, औषध द्या," म्हणतात आणि पेस्ट्री खातात.

*

आमच्याकडं शंकराची भक्ती मोठी. शिवाप्पा किराणावाले सोमवारी कडक उपवास धरतात. आणि त्यांच्या नातीचा पहिला वाढदिवस नेमका सोमवारी आला! कपाळाला भस्म लावून आप्पा दुकानात हजर.

"अंडं न्हाई ना ह्यात?"

"न्हाई आप्पा."

"मैदा?"

"मैदा हाय."

"मग मी काय नुसत्या टाळ्या वाजवू? उपवासाचा केक का ठेवत न्हाई तुमी?"

मला त्यांचं म्हणणं पटलं. मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडं एक गोड आवाजाची मुलगी. मी सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं दोन मिनिटं गाणं ऐकवलं आणि परत येऊन म्हणाली, "सॉरी मॅम, उपवास फ्लेवर सध्या आऊट ऑफ स्टॉक आहे!"

*

एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी फोटो केक सांगितला. अख्ख्या केकवर भाऊंचा चेहरा, गॉगलसकट. वाजतगाजत घेऊन गेले. तासाभरानं तसाच्या तसा परत! मला वाटलं, नासला की काय.

"काकू, केक झकास हाय. पण भाऊंच्या तोंडावर सुरी कोण चालवणार? जो तो म्हणतोय, तू काप बे, तू काप बे!"

"मग आता मी काय करू?"

"काय न्हाई, भाऊंना जरा कडंला सरकवा!"

*

आता एक जून. आमचे एरिया मॅनेजर निखिलसर, पुण्याचे. पोरगा गुणी, पण सगळं लॅपटॉपमधून बघणार. एकदा त्यांचा फोन आला.

"काकू, एक जूनला तुमच्याकडं कोणता सण असतो? त्या दिवशी एवढे केक कसे खपतात?"

फोन स्पीकरवर होता. मंगल म्हणाली, "गुरुजींचा सण!"

मग मी सांगितलं, की पूर्वी जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून लिहायचे. आता पोरं मोबाइलवर तारीख बघून आईबापाला केक आणतात. आमच्या ह्यांचा एक जून, दिरांचाही एक जूनच.

"ओह! म्हणजे ट्विन्स?"

"न्हाई हो सर," मंगल म्हणाली, "मधी दोन बहिणी हायती. त्यांचाबी एक जूनच!"

*

तर, दिवाळी झाली. शेवटी मन घट्ट करून आम्ही जाड पुठ्ठ्यावर लिहिलं, "दुकान देणे आहे," आणि दारात टांगलं. आष्टीचे पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी बयाणा घेऊन येणार होते. दुपारी निखिलसर आले.

"काकू, काय ठरलं? रिन्यू की ट्रान्सफर?"

मी तोंड उघडणार, तोच दारात ट्रॅक्टर थांबला. मागं दोन ट्रॉल्या. माणसं, भांडी, गाठोडी, शेळ्या. ऊसतोडीला निघालेली टोळी. मुकादमाची बायको शांताबाई खाली उतरली.

"माय, केक दे. नातवाचा वाढदिवस हाय."

"आज?"

"माघात हाय. पण माघात आमी उसाच्या फडात. तिथं कुठला केक? म्हणून आत्ताच उरकून जातो."

तिचं बघून दुसरी उतरली. "माझ्या पोरीचा पौषात हाय." तिसरी म्हणाली, "आमच्या बाळ्याचा संक्रांतीच्या आगंमागं." बघता बघता अख्खा हिवाळाच ट्रॉलीतून खाली उतरला!

कपाट रिकामं व्हायला लागलं. मंगल नावं लिहितेय, मी डबे बांधतेय. निखिलसरांनी बाह्या सरसावल्या, मोजे चढवले आणि मेणबत्त्या वाटायला लागले. केकखाली ठेवायचे पुठ्ठे संपले. मंगलनं इकडं तिकडं बघितलं, दारातला पुठ्ठा खाली ओढला, कात्रीनं कापला, वर चंदेरी कागद लावला आणि केक ठेवून दिले.

मुकादम वरून ओरडला, "उरका की! तिकडं कारखाना वाट बघतोय!"

रस्त्यावरच टाळ्या वाजल्या. एका शेळीनं एक क्रीमचं फूल खाल्लं. निखिलसर बाजूला जाऊन साहेबांशी फोनवर बोलत होते, "सर, यांचा माल दिवाळीत वाढवू, थंडीत कमी करू. नाही सर, सेल पडत नाही. यांचा हिवाळा दिवाळीतच संपतो!" मग त्यांनी माझ्याकडं बघून अंगठा वर केला.

ट्रॉलीत चढता चढता शांताबाई वळली. "गुढीपाडव्याला आलो की सुनेच्या बाळाचं बारसं हाय. केक आत्ताच सांगून ठेवते. दुकान असंल ना गं माय?"

मी मंगलकडं बघितलं. ती ट्रॅक्टरकडं बघत होती.

"आक्का," ती म्हणाली, "आपला बोर्ड तर गेला कारखान्यावर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आष्टीचे पाहुणे आले. आम्ही त्यांना चहा दिला, केक दिला, आणि दुकान दिलं नाही.