लहानूदादांचा नमस्कार

लहानूदादांची नऊ नखं कापलेली असत आणि उजव्या अंगठ्याचं तेवढं राखलेलं. खेप उतरली की त्यातली दोन-चार फळं उचलून ते सालीवर त्या नखाने बारीकशी रेघ ओढायचे. रेघ आतून पिवळी दिसली तर चिकू तयार, हिरवी दिसली तर बाजूला. "रंगाला भुलायचा नाय, मेताजी. वरचा रंग सगल्यांचा सारखाच," असं म्हणत ते फळ माझ्यासमोर धरायचे, जणू मला त्यातलं काही कळणार होतं.

डहाणूच्या त्या चिकूच्या वखारीत मी गाड्यांच्या पावत्या लिहायचो. वखारीत लिहिणाऱ्याला मेहताजी म्हणायची आमच्याकडे रीत आहे, त्यामुळे माझं खरं नाव तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. दादा प्रतवारी करायचे. एकदा घाईच्या दिवसांत शेठ म्हणाले, "बारीक माल खाली टाक, वर मोठा लाव. कोण बघतंय?" दादांनी तशी भरलेली पेटी सरळ ओतून काढली. "खालचा पन कोनतरी खानारच ना, शेठ," एवढंच बोलले आणि कामाला लागले. शेठ पुटपुटत निघून गेले. आम्ही बाकीचे गालातल्या गालात हसलो, पण त्यांच्यासारखं बोलायची आमच्यापैकी एकाचीही छाती नव्हती.

ते डहाणूजवळच्या कैनाडला घरजावई म्हणून आलेले. मूळ गाव पूर्वेला डोंगरात, नागली-भाताचं. तिथे उन्हाळ्यात बोहाडा होतो, म्हणजे देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं नाचवायची जत्रा. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. दादांच्या घराकडे म्हैसासुर होता. लाकडाचा तो शिंगांचा मुखवटा नाचवून आले की आठवडाभर त्यांची मान आखडलेली असे. कोणी हाक मारली की अख्खे वळायचे. मी चिडवायचो, "काय दादा, यंदाही राक्षसच? बढती कधी?" ते म्हणायचे, "देवाचा सोंग हलका असतो. राक्षसालाच भार." दरवर्षी बोलवायचे, आणि दरवर्षी मी "येतो की" म्हणायचो. गेलो एकदाही नाही.

एका वर्षी तलासरीकडे हायवेलगत नव्या थेटरात एका तिकिटात दोन भुताचे सिनेमे लागले. सिनेमे नवेच होते, पण मुद्दाम जुन्यासारखे काढलेले. पडद्यावर ओरखडे, लाल-हिरवा उजेड, कुरकुरणारी दारं आणि रबराची भुतं. मला असल्या गोष्टींचं भारी वेड. वखारीत मी त्याचंच पुराण लावलं होतं. दादा ऐकत होते. म्हणाले, "मोबाइलवर बघितलाय. थेटर मात्र आतून कधी बघितला नाय." मी त्या रविवारी दुपारी त्यांना बरोबर घेतलं. धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते. शेअर जीपमध्ये सगळ्या वाटेवर खूश होते.

पहिल्या सिनेमात अर्ध्या तासाने विहिरीतून राक्षस वर आला. शिंगं वाकडी, गाल लोंबणारे, मानेशी रबराची शिवण स्पष्ट दिसत होती. लोक हसायलाच आलेले, त्यांनी शिट्ट्यांनी थेटर डोक्यावर घेतलं. मीही हसत होतो. आणि शेजारी दादा चपला काढून उभे राहिले. दोन्ही हात जोडून, मान खाली घालून.

"ओ काका, आरती नाय चालू! बसा खाली!" मागून कोणीतरी ओरडलं. एकाने मोबाइलची बॅटरी त्यांच्यावर मारली. आता लोक पडद्याकडे कमी आणि आमच्याकडे जास्त बघत होते. दादा हलले नाहीत. राक्षस पडद्यावरून गेला तेव्हा शांतपणे बसले, चपला घातल्या. राक्षस पुन्हा आला, ते पुन्हा उभे राहिले. असं चार वेळा झालं. मी खुर्चीत जितका खाली सरकता येईल तितका सरकलो.

पुढच्याच रांगेत आमच्या सोसायटीतले बँकेचे साहेब सपत्नीक बसले होते. सोसायटीत त्यांच्या शब्दाला वजन, आणि त्यांनी मला नावाने हाक मारली की मला दोन बोटं स्वर्ग उरत असे. ते वळून हसत म्हणाले, "काय हो, तुमच्याबरोबर आहेत का हे?"

"छे हो," मी म्हणालो. "असाच कोणीतरी बसलाय बाजूला."

दादा माझ्यापासून एका हातावर होते. अंधार होता म्हणून त्यांचा चेहरा दिसला नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. खरं म्हणजे मी पाहिलंच नाही.

मध्यंतरात साहेबांनी त्यांच्या शेजारची रिकामी खुर्ची दाखवली, आणि मी उठून गेलो. दुसरा सिनेमा तिथेच पाहिला. कशाबद्दल होता ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. सुटल्यावर साहेब म्हणाले, "चला, गाडीतून सोडतो." मी बसलो. फाटकाबाहेर दादा बसची वाट पाहत उभे होते. मी मान वळवून बाईंशी त्यांच्या मुलाच्या परीक्षेबद्दल बोलू लागलो. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी, असं म्हणतात. मला त्या दिवशी फक्त जनाची होती.

दुसऱ्या दिवशी वखारीत मी आधीच सबब तयार ठेवली होती. "गर्दीत चुकामूक झाली बघा, दादा."

"गाडीत बघितला तुमाला," ते म्हणाले. "बरा झाला. बस लय उशिरा आली." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

न राहवून मी विचारलं, "पण दादा, ते खोटं होतं. रबर होतं नुसतं. तुम्ही नमस्कार कशाला केलात?"

"तोंड रबराचा हाय, ता मना पन दिसला," ते म्हणाले. "पन आत मानूस होता ना? लोक हसतात, आन् त्याला आतून काय दिसत नाय, श्वास कोंडतो. आमच्याकडं सोंग आला का उभा रातात. त्याला नाय दिसत, तरी रातात."

माफी मागायला ती वेळ चांगली होती. मी पावतीपुस्तक उघडलं.

त्यानंतर एक बदल झाला, तो मला बऱ्याच उशिरा लक्षात आला. वखारीत दादा पूर्वीसारखेच बोलायचे. पण बाजारात, स्टेशनजवळ, मी कोणाबरोबर असलो की ते माझ्याकडे बघत नसत. समोरून आले तरी दुकानाकडे तोंड करून जायचे. आधी मला वाटलं, राग धरलाय. मग एके दिवशी मी साहेबांबरोबर चालत असताना ते दिसले आणि त्यांनी घाईने रस्ता ओलांडला. तेव्हा समजलं. मला पुन्हा कोणासमोर खोटं बोलावं लागू नये, म्हणून ते बाजूला होत होते. "दादा, असं करू नका," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. रोज उद्यावर टाकत गेलो. मग त्यांनी वखार सोडली.

गेल्या वर्षी ते सरकारी दवाखान्यात असल्याचं कळलं. छातीत पाणी झालं होतं. मी संध्याकाळी गेलो. खाटेवर फार लहान दिसत होते. सिस्टरने विचारलं, "बाबा, हे कोण तुमचे?"

दादा माझ्याकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "मेताजी, वळख सांगू?"

मी सिस्टरकडे वळून सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणालो, "माझे दादा आहेत हे. आम्ही एकत्र काम केलंय." इतक्या वर्षांनी बोललो. मला केवढं हलकं वाटलं!

"बरं झालं," सिस्टर म्हणाल्या. "यांच्याजवळ कोणीच नाही. आज रात्री घरचं माणूस लागेल. तुम्ही थांबाल ना?"

मी घड्याळ पाहिलं. फक्त घड्याळ पाहिलं, अजून काही बोललोही नव्हतो.

"त्यांना गाडी गाठायची हाय, सिस्टर," दादा म्हणाले. "माझा पोरगा येतो आता. निगालाय."

मी त्यांचा हात दाबला, उद्या येतो म्हणालो आणि निघालो. पोरगा सुरतेला कामाला होता. त्याला फोन गेला तो पहाटे, दादा गेल्यानंतर.